पाण्याने कोरलेले लेणे

अजिंठा आणि वेरूळ येथील लेणी तुम्हांला ठाऊक आहेत. दख्खनचा काळा कातळ छिन्नीने फोडून माणसांनी ती घडविली. परंतु ज्याला छिन्नीचा स्पर्शही झाला नाही, जे केवळ पाण्याने घडविले, असेही एक लेणे आपल्या देशात आहे. आंध्र प्रदेशातील बोर्रा गुहा हेच ते लेणे होय. तेलुगू भाषेत त्यांना ‘बोर्रा गुहलु’ म्हणतात.

या गुहांकडे जाण्याचा मार्ग विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यापासून निघतो. कोकणात सूर्य समुद्रात मावळताना पाहणाऱ्यांना येथे तो समुद्रातून वर येताना पाहून मोठे नवल वाटते. बंगालच्या उपसागरावर तांबूस प्रकाश पसरतो, कोळ्यांच्या होड्या काठाला लागतात, आणि बंदरातील उंच याऱ्या दिसू लागतात. अशा प्रसन्न वेळी मोटारीने निघावे. बोर्रा येथून सुमारे ९० किलोमीटर दूर आहे.

शहर मागे पडले की सपाट प्रदेश लागतो. भाताची खाचरे, ताडाची झाडे आणि आंब्याच्या बागा यांमधून रस्ता शृंगवरपुकोटा या गावी पोहोचतो. येथून पूर्व घाटाची चढण सुरू होते. रस्ता नागमोडी वळणे घेऊ लागतो. एका बाजूला उंच कडा, तर दुसऱ्या बाजूला खोल दरी. पलीकडच्या डोंगरातून लोहमार्ग जातो. छत्तीसगडातील लोहखनिज बंदराकडे नेणारी लांबलचक मालगाडी एका बोगद्यातून बाहेर पडते आणि पाहता पाहता दुसऱ्या बोगद्यात शिरते.

जसजसे वर जावे, तसतशी हवा थंड होत जाते. अनंतगिरीच्या उतारांवर कॉफीचे मळे आहेत. कॉफीच्या झुडपांना कडक ऊन सोसत नाही. म्हणून त्यांच्यावर उंच सिल्व्हर ओक वृक्षांची सावली धरलेली असते. त्या वृक्षांच्या खोडांवर मिऱ्यांचे वेल चढविलेले असतात. हिवाळ्यात या डोंगराळ भागातील कारळ्याची शेते फुलांनी पिवळीधमक होतात. या डोंगरांत कोंडदोरा, बगता, पोरजा इत्यादी आदिवासी जमाती पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या आहेत.

बोर्रा गावाजवळ रस्ता खाली उतरतो आणि डोंगराचे विशाल मुख समोर उभे राहते. येथील उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर आहे. पायऱ्या उतरून आत गेले की बाहेरचे ऊन, पाखरांचे आवाज आणि वारा ही सारी मागे राहतात. विजेच्या दिव्यांच्या उजेडात छताला लोंबणाऱ्या शिळा दिसतात. जमिनीतून वर आलेल्या शिळाही दिसतात. कोठे शिवलिंगाचा भास होतो, तर कोठे दगडी पडद्याच्या चुण्यांचा. गुहा सुमारे ८० मीटर खोल गेली आहे. तिच्या स्तब्धतेत एकच ध्वनी ऐकू येतो – टप्‌, टप्‌, टप्‌. हा येथील शिल्पकाराचा आवाज आहे!

हा शिल्पकार काम कसे करतो? पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते. त्यामुळे ते किंचित आम्ल बनते. येथील डोंगराच्या पोटात चुनखडी आहे. असे पाणी फटींतून झिरपताना ती चुनखडी विरघळविते आणि हळूहळू पोकळी निर्माण होते. पुढे चुना मिसळलेला थेंब छताला लोंबतो, तेव्हा त्यातील वायू हवेत निघून जातो आणि चुन्याचा अतिसूक्ष्म थर छतावर उरतो. थेंबामागून थेंब येतात, थरावर थर चढतो. छतापासून खाली वाढणाऱ्या शिळेस अधोमुखी लवणस्तंभ म्हणतात. खाली पडलेल्या थेंबांतील चुन्यापासून ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ वाढतो. कधी दोन्ही एकमेकांस भेटतात आणि अखंड खांब तयार होतो.

या वाढीचा वेग किती? शंभर वर्षांत सरासरी एखादा सेंटिमीटर! म्हणजे हातभर लांबीची शिळा घडण्यास हजारो वर्षे लागतात. ती मोडण्यास मात्र एक क्षण पुरतो. इतकेच नव्हे, तर नुसत्या स्पर्शानेही तिची हानी होते. आपल्या हाताचा तेलकटपणा दगडाला लागला की तेथे चुना नीट साचत नाही आणि शिळेची वाढ खुंटते.

या गुहेतून वाहणाऱ्या नदीचे नाव गोस्तनी. स्थानिक लोक तिची कथा सांगतात. एक गाय चरता चरता गुहेच्या छतातील छिद्रातून आत पडली. तिला शोधीत आलेल्या गुराख्याला ती सुखरूप सापडली, आणि जवळच शिवलिंगासारखी शिळा दिसली. त्या शिळेची लोक आजही पूजा करतात. ही गोस्तनी पुढे डोंगर उतरून भीमुनिपट्टणमजवळ समुद्रास मिळते. वाटेत तातिपुडी येथे तिच्यावर धरण आहे, आणि त्याचे पाणी विशाखापट्टणमच्या नागरिकांना पिण्यासाठी मिळते. या डोंगरांचे आणि दूरच्या शहराचे नाते असे आहे.

या डोंगरांवर एकदा संकट आले होते. बोर्राच्या परिसरातील जमिनी खाजगी कंपन्यांना खाणींसाठी भाडेपट्ट्याने दिल्या गेल्या. आदिवासींसाठी काम करणाऱ्या ‘समता’ या संस्थेने न्यायालयात दाद मागितली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आदिवासींसाठी संरक्षित असलेल्या अनुसूचित क्षेत्रातील सरकारी जमीनही बिगरआदिवासी खाजगी कंपन्यांना खाणींसाठी भाडेपट्ट्याने देता येणार नाही. डोंगरांत राहणाऱ्या लोकांचा त्या भूमीवरील हक्क अशा प्रकारे मान्य झाला.

मुलांनो, मोठे झाल्यावर तुम्ही बोर्रा येथे अवश्य जा. ज्या शिळेसमोर तुम्ही उभे राहाल, ती तुमच्या आयुष्यभरात बोटाच्या नखाएवढीही वाढणार नाही. तिला डोळे भरून पाहा. पण हात मात्र मागे ठेवा. पाण्याचे काम अजून संपलेले नाही.

स्वाध्याय

१. अजिंठा-वेरूळची लेणी आणि बोर्रा गुहा यांत कोणता फरक आहे?
२. अधोमुखी लवणस्तंभ कसा तयार होतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘हा येथील शिल्पकाराचा आवाज आहे’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. विशाखापट्टणमच्या नागरिकांनी या डोंगरांची काळजी का घ्यावी?
५. तुमच्या गावाजवळील नदी कोठे उगम पावते व कोठे जाते, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.