सर्व्हर हळू चालतोय? आधी त्याच्यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर तपासा



आपल्या महाड-पोलादपूरकडच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या बऱ्याच मुलांचा संगणकाशी संबंध येतो तो शाळेतच, तोही आठवड्यातल्या एखाद्या तासाला. त्या ३५ मिनिटांतली १० मिनिटं पडद्यावरचं चक्र फिरताना बघण्यात गेली, तर मुलं शिकणार काय? अशा वेळी ठरलेलं उत्तर मिळतं, "मशीन जुनं झालंय, नवीन घ्या." मग शाळा व्यवस्थापन समितीची बैठक, मग लोकवर्गणी. पण पावती पुस्तक काढायच्या आधी अर्धा तास काढून एक गोष्ट तपासा.

संगणक कक्षातला जो मुख्य संगणक बाकीच्यांना फाइली आणि धडे पुरवतो, तो आपला सर्व्हर. त्याच्यावर बहुतेक वेळा देखरेखीचं म्हणजे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. प्रोसेसरवर किती ताण आहे, मेमरी किती उरली, डिस्क किती भरली, हे ते सतत विचारत राहतं. पण हे विचारण्याचं कामही शेवटी त्याच प्रोसेसरला करावं लागतं. वर्गात दर पाच मिनिटांनी हजेरी घेतली तर पट अचूक राहील, शिकवणं मात्र होणार नाही. (रोज नवी माहिती तातडीने भरून देणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको!)

थोडं गणित करू. हे सॉफ्टवेअर ४० गोष्टी विचारतं असं समजा. दर सेकंदाला विचारलं तर दिवसाचे ८६,४०० सेकंद गुणिले ४०, म्हणजे ३४,५६,००० प्रश्न. दर मिनिटाला विचारलं तर ५७,६००. दर पाच मिनिटांनी विचारलं तर फक्त ११,५२०. सहावी-सातवीच्या मुलांना हे उदाहरण जरूर द्या, गुणाकाराचा उपयोग त्यांना लगेच दिसतो.

किती वेळाने विचारायचं हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येतं. झॅबिक्समध्ये नवीन नोंद तयार केली की सुरुवातीला १ मिनिट असतं, प्रोमिथियसमध्येही १ मिनिटच. नेटडेटा दर सेकंदाला मोजतं, पण ते त्यासाठीच हलकं बांधलेलं आहे. घोळ होतो तो बसवणाऱ्याने "जास्त वेळा बघितलेलं बरं" म्हणून सगळ्याच गोष्टींना पाच-दहा सेकंद ठेवले की. आपल्या सावित्रीचंच बघा ना. मे महिन्यात तिची पातळी तासातासाला कोण बघतं? पण महाबळेश्वरला पाऊस कोसळायला लागला की पोलादपूरपासून महाडपर्यंत सगळ्यांचे डोळे पाण्याकडे. सर्व्हरचंही तसंच आहे. डिस्क किती भरली हे तासातून एकदा पाहिलं तरी चालतं. प्रोसेसरचा ताण मिनिटाला पुरे.

आता प्रत्यक्ष शोध. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा. सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येईल. इथे एक फसगत होते. प्रोसेसर चार कोअरचा असेल आणि एखादा प्रोग्रॅम सतत २५ टक्क्यांवर अडकलेला दिसला, तर एक अख्खा कोअर त्याने अडवलेला असू शकतो. २५ म्हणजे कमीच की, असं समजून पुढे जाऊ नका. लिनक्समध्ये टॉप ही आज्ञा दिली की तोच प्रोग्रॅम १०० टक्के दिसेल, कारण तिथे हिशोब दर कोअरचा असतो.

दुसरी फसगत मोठी आहे. यादीत वर 'डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट' हे नाव दिसतं आणि लोक त्यालाच बंद करायला धावतात. तो विंडोजचा स्वतःचा भाग आहे. दुसरे प्रोग्रॅम संगणकाची माहिती विचारतात आणि हा बिचारा उत्तरं देतो. मागच्या बाकावरून कोणीतरी सारखे प्रश्न विचारावेत आणि गोंगाट केला म्हणून उत्तर देणाऱ्या मुलाला उभं करावं, त्यातला प्रकार. विचारणारा शोधायला इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटी आणि ऑपरेशनल, असं आत जा. ५८५८ क्रमांकाच्या नोंदी म्हणजे फसलेल्या विचारणा. त्यात क्लायंट प्रोसेस आयडी असतो. तोच क्रमांक टास्क मॅनेजरच्या डिटेल्समधल्या पीआयडी रकान्यात शोधा, नाव सापडेल. नोंद ताजी घ्या, संगणक पुन्हा सुरू केला की हे क्रमांक बदलतात.

संशय मॉनिटरिंगवर आला तर सर्व्हिसेसमधून ते १० मिनिटं थांबवा. आधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, विज्ञानाच्या प्रयोगात आपण मुलांना सांगतो तसंच. ताण उतरला की पुन्हा सुरू करा आणि विचारण्याचा वेळ वाढवा. फरक पडला नाही तर अँटिव्हायरस बघा. मॉनिटरिंग सारखं आपल्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये लिहितं आणि अँटिव्हायरस ती फाइल प्रत्येक वेळी तपासतो, अशी दोघांची जुंपलेली असते. त्या एका फोल्डरला सूट देता येते, पण ती माहीतगार माणसाकडूनच द्या.

कटकट नको म्हणून मॉनिटरिंग कायमचं काढून टाकायला मात्र माझा विरोध आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडने काय सोसलं ते आपण पाहिलंय. दर पावसाळ्यात वीज जाते-येते, दमट हवेत यंत्रं कुरकुरतात, बॅकअपची डिस्क गुपचूप भरते. हे कोणीतरी वेळेत सांगायला हवंच.

तंत्रज्ञ आले की त्यांना तीनच गोष्टी विचारा आणि उत्तरं संगणक कक्षाच्या नोंदवहीत लिहून घ्या. कोणतं मॉनिटरिंग बसवलंय, ते किती सेकंदांनी विचारतं, आणि ते थांबवल्यावर प्रोसेसरचा आकडा किती होतो. नवीन मशीनचं कोटेशन त्यानंतर मागवा.