वाळेल तेच न्यावं

मनू, तू पाठवलेली यादी वाचली. सात कुर्ते! अगं, नर्मदा परिक्रमेला निघाली आहेस की मावसबहिणीच्या लग्नाला? तुझी धास्ती कळते मला. कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरहून निघायचं, नदी उजव्या हाताला ठेवत अडीच हजारांहून जास्त किलोमीटर चालायचं आणि परत तिथंच पोचेपर्यंत एप्रिल उजाडायचा. कपाटासमोर उभं राहिलं की हे असू दे, तेही असू दे, असं होणारच. पण किती महिने जायचंय यावरून कपडे मोजायचेच नसतात. आठवडा असो की पाच महिने, लागतात तेवढेच: एक जोड अंगावर, एक वाळत आणि एक रात्रीसाठी कोरडा. बाकी प्रत्येक कपड्याला एकच प्रश्न विचारायचा, तू वाळतोस कधी?

हिमालयातल्या ट्रेकला आठवडाभर कुणी अंघोळ करत नाही, त्यामुळे तिथल्या याद्या इथं कामाच्या नाहीत. परिक्रमेत रोज पहाटे नर्मदा मैयात स्नान असतं. बायका अंगावरच्या कपड्यांनिशीच डुबकी मारतात. म्हणजे दिवस उजाडायच्या आत एक जोड ओला, ऊन अजून आलेलं नाही आणि अर्ध्या-पाऊण तासात चालायला लागायचं. सुती पंजाबी ड्रेस कितीही पिळला तरी कोरड्याच्या जवळजवळ दुप्पट भरतो, आणि ते वजन जातं तुझ्या पाठीवर. दुसऱ्या दिवशी तो वाळला नसेल तर तिसरा भिजतो, आणि चौथ्या दिवशी सॅकमधून कुबट वास यायला लागतो. सात कुर्ते नेलेस तरी हेच होणार, फक्त ओल्या कुर्त्यांची संख्या वाढेल.

यावरचा उपाय आपल्या आजीला माहीत होता. अंघोळीसाठी एक परकर वेगळा ठेवायचा, काखेखाली छातीवर बांधायचा आणि फक्त तोच भिजवायचा. सुती घेऊ नकोस, टेरिकॉटचा घे, आणि गडद रंगाचा, म्हणजे ओला झाल्यावर आरपार दिसत नाही. सॅटिन तर नकोच, पाण्यातून बाहेर आलं की अंगाला चिकटून बसतं. कोरडा कुर्ता डोक्यावरून घालायचा आणि मग आतून परकर सोडायचा, म्हणजे घाटावर आडोसा शोधत फिरावं लागत नाही. घरी दोनदा करून बघ, हात बसला की मिनिटभराचं काम आहे. नदीत साबण लावायचा नाही हे तुला सांगायला नको. साबणाचं धुणं असेल ते मुक्कामाच्या गावी हापशावर, बादलीत, आणि ते पाणी उताराने नदीकडे जाणार नाही एवढं बघून.

टॉवेल ठेवून दे. टर्किश टॉवेल हा परिक्रमेतला सगळ्यात निरुपयोगी कपडा. दोन पंचे ने. एक अंग पुसायला, दुसरा धुणं वाळवायला. हसू नकोस. जमिनीवर पंचा पसरायचा, त्यावर पिळलेला कुर्ता पसरायचा, दोन्हींची मिळून घट्ट वळकटी करायची आणि तिच्यावर गुडघे टेकून सगळा भार टाकायचा. पंचा ओलाचिंब होतो, कुर्ता दमट उरतो. तो रात्री दोरीवर टाकलास तर सकाळी घालता येतो. दोरी म्हणजे नायलॉनची पातळ दोरी दुहेरी करून पीळ घातलेली. त्या पिळात कपड्याचं टोक अडकवलं की चिमटे लागत नाहीत. दिवसभरात वाळवायचं ते सॅकच्या पाठीला टाचायचं. सेफ्टी पिना पितळेच्या घे. लोखंडी पिना ओल्या कपड्यावर गंजतात आणि पांढऱ्यावर तांबडा डाग पडतो तो पडतोच.

हो, पांढऱ्यावर आले. पांढरंच घालायला हवं का, असं तू विचारलं आहेस. सक्ती कुणी करत नाही. पण पांढरे कपडे, पाठीवर बोजा, हातात काठी असं दिसलं की दोन शेतं पलीकडून ‘नर्मदे हर’ ऐकू येतं, ‘माताराम, चाय पी लो’ म्हणून कुणी बोलावतं. ट्रॅकपँट आणि ड्रायफिट टीशर्ट चालायला झकास असतो, खोटं कशाला बोलू, पण तो घालून गेलीस की लोक कुठे फिरायला निघालात म्हणून विचारतात. एकट्यादुकट्या बाईला तिथं परिक्रमावासी ही ओळख फार उपयोगी पडते. म्हणून माझं मत असं: पांढऱ्यातच, पण मोतिया किंवा दुधी रंगाकडे झुकणारं, सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेलं कापड. निव्वळ पॉलिएस्टर ओल धरून ठेवत नाही म्हणून भराभर वाळतं, पण घामाचा वास मात्र पक्का धरतं. साबण रोज मिळणार नाही, तेव्हा दुसऱ्याच दिवशी तुझं तुलाच नको होईल. निव्वळ सूत अंगाला सुखाचं, पण वाळता वाळत नाही. मिश्र कापडात दोन्ही गुण थोडे थोडे येतात आणि दोन्ही खोडीही, पण त्या निभावतात.

कापड घेतलंस की शिंप्यासमोर स्वतः बस, कारण शिवणीवरच पुढचं सगळं आहे. कुर्त्याच्या खांद्यावर शिवण, बटण, पायपिंग काही म्हणता काही नको. सॅकचा पट्टा बरोबर तिथं बसतो आणि दुपारपर्यंत त्या जागी लाल रेघ उठते. कुर्ता गुडघ्याच्या वरच थांबू दे, खाली गेला तर दगडांवर चढताना स्वतःच्याच पायाखाली येतो. दोन्ही बाजूंच्या चिरा जरा उंच. आतून, पोटाशी, चेनचा खिसा: पैसे, आधार कार्ड आणि परिक्रमेची शिक्क्यांची वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिथं. सलवारीची मोहरी अरुंद आणि तिला इलॅस्टिक, नाहीतर गोखरू आणि कुसळं आत शिरतात. आणि नाडी! सॅकचा कमरपट्टा नेमका नाडीच्या गाठीवर आवळला जातो आणि पोटावर रुपयाएवढा काळानिळा डाग उमटतो. गाठ बाजूला, कमरेच्या हाडाच्या पुढे घ्यायची, किंवा सरळ रुंद इलॅस्टिक घालून घ्यायचं.

आतल्या कपड्यांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे लाजलीस. मला काय लाजतेस! खांद्यावर लोखंडी किंवा प्लॅस्टिकची कडी असलेली ब्रा नेऊ नकोस, पट्ट्याखाली ती कडी रुतते. बिनकडीची, रुंद पट्ट्यांची, पातळ कापडाची घे. जाड पॅड लावलेली स्पोर्ट्‌स ब्रा दोन दिवस वाळत नाही. मांड्या घासून सालटी निघणं हे बायका कुणाला सांगत नाहीत आणि मग फेंगडत चालतात. सलवारीच्या आत गुडघ्यापर्यंतची पातळ सायकलिंग शॉर्ट घाल, रात्री खोबरेल तेल लाव, पुरे. निकर चार बस झाल्या, रोज रात्री एक धुवायची. वाळत घालताना वरून ओढणी टाकायची, आश्रमाच्या अंगणातही निवांत वाळतात.

पाळीचं म्हणशील तर कपची सवय आत्तापासून, घरी असताना लाव. वाटेत पॅड मिळतात, पण वापरलेलं टाकायचं कुठे हा खरा प्रश्न असतो, आणि नदीकाठी तर तो फारच मोठा. एक गडद सलवार फक्त त्या दिवसांसाठी. काही आश्रमांत चार दिवस बाजूला राहायला सांगतील, काही ठिकाणी कुणी विचारणारही नाही. वाद घालू नकोस. पायांना विश्रांती मिळाली म्हणायचं आणि सगळं धुणं उरकून घ्यायचं.

आता थंडी. तू जाड स्वेटर आणि वर जाड जॅकेट लिहिलं आहेस. दोन्ही खोड. ओंकारेश्वरहून निघालीस की आधी निमाडातलं ऊन, मग सातपुड्यात शूलपाणीच्या बाजूला रात्रीचा गारवा, मग गुजरात. खाडी ओलांडून उत्तर तटावर आलीस आणि पौष-माघात मध्य प्रदेशात शिरलीस की पहाटे दंव पडलेलं असतं, गवत पांढरं दिसतं. अमरकंटक हजार मीटरहून उंच, तिथं रात्री दात वाजतात. आणि तिथून उतरून दक्षिण तटाने परत फिरलीस की महिन्याभरात चैत्राचं ऊन. एका जाड कपड्याला यातलं काहीच नीट जमत नाही. पातळ पातळ दोन-तीन थर घे: रात्री अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीसचा हलका शर्ट, वारा असेल तर वर विंडचिटर. कपड्यांच्या मधे अडकलेली हवाच ऊब देते. फ्लीसला एकच वाईट खोड, कुसळं लोहचुंबकासारखी ओढून घेतो. गवतातून जाताना तो आत ठेवायचा.

पण थर्मलची जोडी झोपायची, म्हणजे झोपायचीच. कितीही हुडहुडी भरो, ती घालून चालायला निघायचं नाही. हे मी तुला रागावून सांगतेय असं समज. दिवसभर पायी चाललेल्या माणसाला रात्री एक तरी कपडा खात्रीचा कोरडा लागतो, आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारून, सॅकच्या तळाशी. सकाळी थोडं कुडकुडतच निघायचं. दहा मिनिटांत अंग तापतं. सगळं अंगावर चढवून निघालीस तर अर्ध्या तासात आतून घामाने भिजतेस आणि चहाला टेकलीस की तोच घाम गार पडतो.

मोज्यांचं थोडक्यात: दोन जोड चालायचे, एक झोपायचा. दुपारी जेवायला थांबलीस की बूट-मोजे काढायचेच, मोजे उलटे करून उन्हात टाकायचे. पायाचे फोड बहुतेक ओल्या मोज्यातून येतात. बूट अर्धा नंबर मोठा घे, रोज वीस किलोमीटर चालल्यावर पाय सुजतात. मुक्कामावर साधी स्लिपर.

खाडी ओलांडून मिठी तलाईला नावेने जायचं असतं ते भरती-ओहोटीच्या हिशोबाने, त्यामुळे कधी रात्री-अपरात्रीही निघावं लागतं. खाडीवर वारा असतो, पाणी उडतं, उतरताना गाळातून जावं लागतं. त्या दिवशी सॅकमधलं सगळं दुहेरी प्लॅस्टिकमध्ये, विंडचिटर अंगावर, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. गाळ लागलेला कपडा वाळल्यावर आधी झटकायचा आणि मगच धुवायचा.

आणखी एक, ज्याचा विचार निघताना कुणी करत नाही. वाटेत लोक देतात. कुणी शाल पांघरेल, कुणी साडी हातात ठेवेल, एखादी आजी स्वतःचं लुगडं काढून देईल. नाही म्हणवत नाही, म्हणूही नये. पण साठवायचंही नाही. पुढच्या मुक्कामी ज्या घरात गरज दिसेल तिथं देऊन टाकायचं. पूर्वी शूलपाणीच्या झाडीत भिल्ल मंडळी, तिथं त्यांना मामा म्हणतात, परिक्रमावासीयांचं सगळं काढून घेत, अंगावरचे कपडेसुद्धा. आता तो प्रकार जवळपास थांबलाय आणि जुनी वाटही बरीचशी सरदार सरोवराखाली गेलीय. पण तेव्हा अंगावरच्या लंगोटीनिशी पुढे निघालेल्यांची परिक्रमा पुरी झाली, हे तुझ्या सात कुर्त्यांना जरूर सांग. माघारी फिरताना ऊन चढलं की थर्मल आणि फ्लीस वाटेतल्या पोस्टातून घरी पाठवून दे, पाऊण किलो उतरतं.

आता काम. जे जे न्यायचं ठरवशील ते रात्री आठला धुऊन, पंख्याशिवाय गॅलरीत टाक आणि पहाटे पाचला हात लावून बघ. दमट लागलं ते कपाटात परत. उरलेलं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर घाल. अंगावरचं सोडून सगळे कपडे मिळून सव्वादोन किलोच्या वर जाऊ देऊ नकोस. पूर्ण सॅक तुझ्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे साडेपाच किलो. मग भरलेली सॅक घेऊन एकदा सिंहगड चढून ये आणि घरी आल्यावर आरशासमोर उभी राहून कुठे कुठे लाल झालंय ते बघ.

आणि शिंप्याकडे याच आठवड्यात जा. दिवाळीच्या ब्लाउजांचा ढीग पडला की तो तुझे कुर्ते तुळशीच्या लग्नानंतर देईन म्हणेल, आणि तू तोवर वाटेला लागलेली असायला हवीस.