जनसंपर्काचा व्यवसाय आणि आपला मुलूख

शालान्त परीक्षा जवळ येऊं लागली म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न उपस्थित होतो, "पुढें काय?" डॉक्टर, वकील, इंजिनियर, शिक्षक, बँकेंतील नोकर, सरकारी अंमलदार, अशीं ठराविक नांवें पालकांच्या मुखीं असतात. अलीकडे त्यांत आणखी एका व्यवसायाची भर पडली आहे; तो म्हणजे जनसंपर्क. या व्यवसायाकडे पुष्कळ तरुणांचें मन ओढ घेतें, परंतु त्याचें खरें स्वरूप त्यांना व त्यांच्या वडील माणसांना क्वचितच ठाऊक असतें. कोणी त्यास जाहिरात समजतात, कोणी गोड बोलण्याची कला समजतात, तर कोणी मोठ्या लोकांच्या मागेंपुढें वावरण्याची संधि समजतात. या समजुतींत तथ्य किती, आणि आगर, डहाणू, तलासरी या आपल्या भागांतील मुलामुलींना हा व्यवसाय कितपत योग्य आहे, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम व्यवसायाचें स्वरूप पाहूं. कारखाना असो, रुग्णालय असो, नगरपालिका असो वा शाळा असो, कोणत्याहि संस्थेचा अनेक लोकांशीं संबंध येतो. त्या लोकांचा तिच्यावर विश्वास असावा लागतो. हा विश्वास मिळविण्यासाठीं व टिकविण्यासाठीं जें काम पद्धतशीरपणें केलें जातें, त्यास जनसंपर्क म्हणतात. पूर्वीं गांवोगांवीं दवंडी पिटली जात असे. दवंडी देणारा हुकूम लोकांच्या कानीं घाली आणि पुढच्या आळीला जाई. लोक त्यावर काय म्हणाले, हें परत येऊन सांगणें त्याच्याकडे नव्हतें. जनसंपर्क अधिकाऱ्याचें अर्धें काम या दवंडीवाल्याचें आहे. उरलेलें अर्धें काम अधिक कठीण आहे. लोकांचें म्हणणें शांतपणें ऐकून तें आपल्या वरिष्ठांपर्यंत, त्यांना आवडो वा न आवडो, जसेंच्या तसें पोंचविणें, हें तें काम होय. जाहिरातीसाठीं वर्तमानपत्रांतील जागा विकत घेतां येते. विश्वास विकत घेतां येत नाहीं.

हा व्यवसाय आजच्या स्वरूपांत अमेरिकेंत वाढला. आयव्ही ली या नांवाच्या एका वार्ताहरानें तेथें १९०६ सालीं आपलीं तत्त्वें वर्तमानपत्रांकडे लिहून पाठविलीं. आपलें काम गुप्तपणें न करतां उघडपणें करावें आणि माहिती खरी द्यावी, असा त्यांचा मथितार्थ होता. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत अटलांटिक सिटीजवळ आगगाडीस अपघात होऊन पन्नासांहून अधिक उतारू मरण पावले. अशा वेळीं अपघात झांकून ठेवण्याची त्या काळच्या कंपन्यांची रीत होती. लीनें उलट केलें. त्यानें वार्ताहरांना घटनास्थळीं बोलाविलें व कंपनीतर्फे लेखी निवेदन दिलें. परंतु याच मनुष्याच्या चरित्राची दुसरीहि बाजू आहे. १९१४ सालीं कोलोरॅडोमधील लडलो येथें खाणकामगारांच्या संपांत कामगार व त्यांचीं बायकामुलें मारलीं गेलीं. तेव्हां खाणमालकांतर्फे लीनें जीं पत्रकें काढलीं, त्यांत संपाच्या पुढाऱ्यांच्या वेतनाविषयीं चुकीचे आंकडे होते. अप्टन सिंक्लेअर या लेखकानें त्यास विषारी वेलीचें नांव दिलें, आणि तें कायमचें चिकटलें. व्यवसाय तोच, मनुष्य तोच. सत्य धरलें तेव्हां मान मिळाला आणि सत्य सोडलें तेव्हां कलंक लागला.

आपल्या देशांत या कामाचा प्रारंभ मुंबईस झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं. टाटा उद्योगसमूहानें १९४३ सालीं स्वतंत्र जनसंपर्क खातें उघडलें. पुढें १९५८ सालीं या व्यवसायांतील लोकांनीं पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापिली. २१ एप्रिल १९६८ रोजीं या व्यावसायिकांची पहिली अखिल भारतीय परिषद दिल्लीस भरली होती. तिची आठवण म्हणून १९८६ पासून तो दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्र सरकारचें माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, आणि 'लोकराज्य' हें मासिक त्याच्याकडूनच निघतें. जिल्ह्याच्या ठिकाणीं सरकारचें माहिती कार्यालयहि असतें. रेल्वे, बँका, विमानकंपन्या, विद्यापीठें, महानगरपालिका, मोठीं रुग्णालयें, या सर्वांना आज असे अधिकारी लागतात.

या व्यवसायाचें आकर्षण कशांत आहे? एक तर तो एकसुरी नाहीं. सकाळीं वार्ताहरांसाठीं निवेदन लिहावें, दुपारीं तक्रार घेऊन आलेल्या नागरिकाची समजूत काढावी, सायंकाळीं समारंभाची व्यवस्था पाहावी, असा त्याचा दिनक्रम असतो. दुसरें असें कीं, ज्यांना भाषेची आवड आहे त्यांना येथें भाषेवर पोट भरतां येतें, आणि ही संधि थोड्याच व्यवसायांत आहे. तिसरें, मनुष्यस्वभावाचें जें शिक्षण येथें मिळतें तें पुस्तकांत मिळत नाहीं. पण सभासमारंभांचा थाट आणि प्रसिद्ध लोकांचा सहवास पाहून जे याकडे वळतात, त्यांची लवकरच निराशा होते. संस्थेवर संकट आलें म्हणजे मध्यरात्रीं ज्यास उठवितात, तो हाच अधिकारी. आणि लोकांचा राग प्रथम ज्याच्या अंगावर येतो, तोहि हाच.

आतां आपल्या भागाकडे वळूं. लोकांशीं संबंध कसा जोडावा, याचा उत्तम धडा पाहण्यास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्राचें काम सुरू केलें आणि पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. आदिवासी मुलें शाळेंत येत नाहींत, असें त्यांना दिसून आलें. कोणी दुसरा असता तर पालकांस अडाणी म्हणून मोकळा झाला असता. या दोघींनीं, मुलें कां येत नाहींत, याचा शोध केला. घरचीं गुरें राखण्यास मुलेंच लागतात, असें कळल्यावर त्यांनीं गुरें चरतात त्या कुरणांतच शाळा नेली. लहान मुलांसाठीं बालवाडी पाड्यावरील अंगणांत भरविली. त्यांनीं या कामास जनसंपर्क असें नांव दिलें नाहीं. पण लोकांना बोलावण्यापूर्वीं लोकांकडे जावें, आणि सांगण्यापूर्वीं ऐकावें, हें या व्यवसायाचें मुख्य सूत्र त्यांच्या आचरणांत पूर्णपणें उतरलें होतें.

हा संबंध तुटला म्हणजे काय होतें, याचेहि दाखले दुर्दैवानें आपल्याच भागांत आहेत. १९४५ सालीं वारली शेतमजुरांनीं वेठबिगारीविरुद्ध चळवळ उभारली होती. त्या वर्षीं ऑक्टोबरांत चळवळीच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांची सभा आहे, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांतून फिरला. हजारों लोक तलवाडा येथें जमले. तिकडे पोलिसांस, हा जमाव दंग्यासाठीं आला आहे, असें कळविण्यांत आलें. १० ऑक्टोबर रोजीं गोळीबार झाला व पांच माणसें प्राणांस मुकलीं. हा डाव जमीनदारांचा होता, असें किसान सभेच्या इतिहासांत नमूद आहे. त्यानंतर जवळजवळ पंचाहत्तर वर्षांनीं, १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं, टाळेबंदी चालू असतां, डहाणू तालुक्यांतील गडचिंचले येथें मुलें पळविणारे व चोर फिरत असल्याच्या अफवेनें भडकलेल्या जमावानें दोन साधु व त्यांचा मोटारचालक अशा तिघा निरपराध प्रवाशांचा जीव घेतला. पूर्वीं निरोप पायांनीं जात असे, आतां तो मोबाईलवरून क्षणांत जातो. पण खोट्या निरोपाची किंमत तीच राहिली आहे. ज्याच्या शब्दावर सारा पाडा विश्वास ठेवील आणि जो "थांबा, ही बातमी खोटी आहे" असें वेळीं सांगेल, असा मनुष्य जेथें नसतो, तेथें अफवाच अधिकारी बनते.

आज तर अशा माणसांची आपल्याकडे विशेष गरज आहे. डहाणू तालुका १९९१ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आज्ञेवरून १९९६ सालीं येथें स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमण्यांत आलें. याच तालुक्यांत वाढवण येथील मोठ्या बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळानें १९ जून २०२४ रोजीं मंजुरी दिली. त्याचा अंदाजी खर्च ७६,२२० कोटि रुपये सांगण्यांत आला, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पायाभरणी झाली. मच्छीमार बांधवांनीं या बंदरास अनेक वर्षें विरोध केलेला आहे. बंदर व्हावें कीं न व्हावें, हा या लेखाचा विषय नव्हे. विषय इतकाच कीं, अशा प्रकल्पांसाठीं जी जनसुनावणी घेतात, तिची सूचना निदान तीस दिवस आधीं द्यावी, ती स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रांतहि छापावी, आणि पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेंतहि उपलब्ध असावा, असा २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेचा नियम आहे. तो सारांश मराठींत कोण लिहितो? डोल जाळें टाकणाऱ्या कोळ्यास किंवा वारली भाषा बोलणाऱ्या आजीबाईंस तो समजतो काय? आणि त्यांनीं सुनावणींत जें सांगितलें, तें त्यांच्या अर्थानें कागदावर उतरतें काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्या हातीं आहेत, त्याच्यावर केवढी जबाबदारी आहे, हें ध्यानांत यावें.

विद्यार्थी मित्रहो, येथेंच तुमचें बळ आहे. तुमच्यांतील कित्येकांच्या घरीं वारली बोलली जाते, बाजारांत गुजराथी कानीं पडते, शाळेंत मराठी व इंग्रजी शिकतां आणि आगगाडींत हिंदी बोलतां. शहरांतील मुलगा मोठें शुल्क भरूनहि हें सहजासहजीं मिळवूं शकत नाहीं. आपल्या घरच्या भाषेची लाज बाळगूं नका. या व्यवसायांत ती तुमची ठेव आहे. तिच्या जोडीला शुद्ध व सोपें लिहिण्याची संवय लावून घ्या. रोज एक वर्तमानपत्र नीट वाचा आणि त्यांतील एखादी बातमी आपल्या आजोबांना त्यांच्या भाषेंत समजावून सांगा. त्यांनीं जो प्रश्न विचारला असेल, तो वहींत लिहून ठेवा. हा अभ्यास लहान दिसतो, परंतु व्यवसायाचें सारें मर्म त्यांत आहे.

बारावीनंतर कोणत्याहि शाखेच्या विद्यार्थ्यास मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून जनमाध्यमांची पदवी घेतां येते. पदवीनंतर विशेष शिक्षणासाठीं मुंबईस १९६९ सालीं स्थापन झालेली झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स, आणि नवी दिल्लीस १९६५ सालीं स्थापन झालेली भारतीय जनसंचार संस्था, अशा संस्था आहेत.

पालकांस एकच विनंति. "बोलघेवडा आहे, तेव्हां जनसंपर्कांत जाऊं दे," असें म्हणून मुलास तिकडे पाठवूं नये. बोलघेवड्यापेक्षां ऐकून घेणारा, आणि गोड बोलणाऱ्यापेक्षां खरें बोलणारा, या कामास अधिक योग्य होय. कारण एखादे दिवशीं वरिष्ठ म्हणतील, "ही गोष्ट लोकांपासून लपवा." त्या दिवशीं नम्रपणें पण ठामपणें "तें माझ्याच्यानें होणार नाहीं" असें म्हणण्याचें धैर्य त्याच्या ठायीं असलें पाहिजे. हें धैर्य कोणत्याहि महाविद्यालयांत शुल्क भरून मिळत नाहीं. तें घरांत, आईबापांच्या वागण्यांत, मूल लहानपणींच पाहतें व उचलतें. ज्या घरीं ही शिकवण मिळाली, त्या घरच्या मुलामुलींनीं हा व्यवसाय खुशाल पत्करावा. त्यांचा तर उत्कर्ष होईलच, पण त्यांच्या शब्दाचा आधार त्यांच्या गांवालाहि मिळेल.