तलवारीचे गाव कोणते?

इतिहासात शस्त्रांचा उल्लेख बहुधा लढाईच्या निमित्ताने येतो. परंतु शस्त्र कोठे घडले हे ओळखणे हाही एक स्वतंत्र अभ्यास आहे. आग्नेय आशियातील तलवारी व कट्यारी हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

ढोबळ खुणा सोप्या आहेत. ब्रह्मदेशातील ‘धा’ला एकच धार, किंचित बाक व लांब मूठ असते. बोर्निओतील दायाक लोकांच्या ‘मांडाऊ’चे पाते एका अंगाने फुगीर, तर दुसऱ्या अंगाने खोलगट असते. फिलिपीन्समधील मिंडानाओ बेटावरची ‘कंपिलान’ टोकाकडे रुंद होत जाते. तिची मूठ उघडलेल्या जबड्यासारखी दिसते. जावातील ‘क्रिस’ ही कट्यार मुठीजवळ एका बाजूला अधिक रुंद असते. पाते नागमोडी असल्यास वळणांची संख्या विषम असते.

खरी अडचण पुढेच आहे. पाते व्यापारात आणि वारशात दूरदूर फिरते. नवा मालक त्याला आपल्या चालीची मूठ व म्यान करवितो. आमच्याकडे विळ्याचे पाते लोहाराचे आणि मूठ सुताराची. मूठ बदलते, पाते तेच राहते. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण एवढे ज्ञान मी घरूनच आणले! म्हणून मूठ पाहून मालकाचा प्रांत सांगावा, लोहाराचा प्रांत मात्र पात्यालाच विचारावा. क्रिसच्या पात्यावर ‘पामोर’ नावाची नक्षी असते. निरनिराळ्या लोखंडांचे थर एकत्र ठोकून ती साधतात आणि सोमल व लिंबाच्या रसाने उठवितात.

या लोहाराचा मानही मोठा. जावातील पंधराव्या शतकातल्या सुकुह मंदिरात एक शिल्प आहे. त्यात भीम शस्त्र घडवितो, अर्जुन भाता चालवितो आणि मध्ये गणपती नाचतो!

ओळख पटण्याला मोल किती, हे एका घटनेवरून कळते. राजपुत्र दिपोनेगोरो १८२५ ते १८३० या काळात डचांशी लढला. त्याची क्रिस १८३१ साली हॉलंडच्या राजाकडे गेली आणि पुढे संग्रहात हरवल्यासारखी झाली. जुने कागद व पाते ताडून संशोधकांनी लायडनच्या संग्रहालयातील एक क्रिस तीच असल्याचे ठरविले. त्यावर काहींनी शंकाही घेतली. तरी मार्च २०२० मध्ये ती इंडोनेशियाला परत मिळाली.

वाचकहो, संग्रहालयात तलवारीपुढची पाटी वाचाल तेव्हा पाते कोणाचे आणि मूठ कोणाची, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. पाटीवर मालकाचे नाव पुष्कळदा असते. लोहाराचे गाव आपल्यालाच शोधावे लागते.