प्रार्थना औषधासारखी पारखता येईल काय?

आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणे आपल्या गावोगावच्या मंडळ्यांस नवे नाही. परंतु तिचा गुण औषधाप्रमाणे पारखावा काय, हा प्रश्न वैद्यकीय संशोधनातही निघाला आहे. त्याचे एक मोठे उदाहरण वाचकांपुढे ठेवणे आम्हांस इष्ट वाटते.

अमेरिकेतील डॉ. हर्बर्ट बेन्सन व त्यांचे सहकारी यांनी सहा इस्पितळांतील १,८०२ रोग्यांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. ह्या सर्वांच्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया व्हावयाची होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या दोहोंस सांगितले की, तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. पहिल्यासाठी ती झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्यास मात्र ती खचित होईल असे कळविले, व झालीही. प्रार्थना करणारे लोक दूर असत. रोग्याचे नाव व आडनावाचे आद्याक्षर एवढेच त्यांस ठाऊक असून ते चौदा दिवस प्रार्थना करीत.

तीस दिवसांत काही ना काही उपद्रव झालेले रोगी पहिल्या गटात शेकडा ५२, दुसऱ्यात ५१ निघाले. खात्री दिलेल्या तिसऱ्यात ५९! आपली प्रकृती इतकी का बिघडली आहे, अशी धास्ती त्यांस पडली असावी, असा तर्क पुढे आला. केवळ योगायोगही असेल.

तर मग प्रार्थना व्यर्थ ठरली काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्यांच्यासाठी प्रार्थना नाही म्हणून नेमले, त्यांच्या आईबापांस व बायकामुलांस गुडघे टेकण्यापासून कोण अडविणार? शिवाय देव म्हणजे शिशीतले औषध नव्हे. मंदिराच्या शिरोभागी सैतानास प्रभूने दिलेले उत्तर वाचकांस स्मरत असेलच.

ह्या प्रयोगाचा बहुतेक खर्च टेम्पल्टन प्रतिष्ठानाने सोसला. त्याचे संस्थापक सर जॉन टेम्पल्टन हे प्रेस्बिटेरियन मंडळीचे. फळ मनासारखे आले नाही, तरी ते दडपले गेले नाही. संशोधनात धर्माने जागा मागावी ती ह्या खरेपणात, असे आमचे मत आहे.

लेकरू दगावलेल्या आईस, ‘तुझा विश्वास कमी पडला,’ असे ऐकविणारे आपल्यातही आढळतात. ईयोबाचे मित्र असेच बोलले होते. शेवटी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी लागली ती ईयोबालाच.