एकट्या हिरव्या तुकड्याची राखण

२०१६ च्या उन्हाळ्यात ठाण्यातली नोकरी संपवून आम्ही दोघं दापोली तालुक्यातल्या सासरच्या घरी कायमचे राहायला आलो. घरामागे, न्हाणीघराच्या भिंतीपासून विहिरीपर्यंत, दोनेक गुंठ्यांचं परस आहे. पहिल्याच पावसात मी त्यात भेंडी, काकडी, पडवळ, चवळी, माठ असं मनात येईल ते लावलं. उगवलं छान. आमच्या ताटात आलं फार थोडं. तेव्हापासून भाजी पिकवण्यापेक्षा ती राखण्यातच माझा अधिक वेळ गेला आहे. त्या वेळात जे उमगलं, ते उमगलं त्या क्रमानं लिहिते आहे.

१. मी आधी कुंपण घातलं आणि मग चोर कोण ते शोधलं. हे उलटं झालं. चवळीचे कोवळे शेंडे एका रात्रीत गेले, तेव्हा मी रानडुकरांचा धसका घेतला आणि चिव्याच्या काठ्यांची चांगली छातीभर उंच वई बांधून घेतली. आठवड्यानं शेंडे पुन्हा गेले. सासूबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. काठी टेकत आल्या, वाकून एक खोड बोटांत धरलं आणि म्हणाल्या, “अगो, हे सशाचं. कोयतीनं तिरकं छाटल्यासारखं दिसतंय बघ. गुरानं खाल्लं असतं तर ओढून तोडलं असतं.” गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून ती पाला ओढून तोडतात आणि देठ फाटतो, हे मी शाळेत शिकवलंही होतं. पण दोन गोष्टी मनात कधी जोडल्या गेल्या नव्हत्या. त्यानंतर मी रोज सकाळी चहाआधी परसात फक्त बघायला जाऊ लागले. माती नांगरल्यासारखी उलथली असेल तर डुक्कर. पानावर चकाकती वाळकी रेघ असेल तर गोगलगाय. सुरणाजवळ खड्डा आणि शेजारी काळा-पांढरा काटा पडलेला असेल तर साळिंदर. अर्धवट चावून टाकलेल्या दहा भेंड्या असतील तर माकड. प्रत्येकाची सही वेगळी असते.

२. ससा म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर पिंजऱ्यातला पांढरा, लाल डोळ्यांचा ससा होता. आपल्या रानातला ससा त्याच्या जातीचाच नव्हे. तो बीळ खणत नाही. दिवसा गवतात अंगापुरती जागा दाबून तिथे निपचित बसतो आणि तिन्हीसांज झाल्यावर चरायला निघतो. त्यामुळे माझी छातीभर उंच वई त्याच्या कामाची नव्हती, तिच्या खालच्या फटी त्याच्या कामाच्या होत्या. शेवटी उपयोगी पडली ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली, एक इंची भोकांची जाळी. अडीच फूट उंच, आणि खालची वीतभर बाहेरच्या अंगाला जमिनीवर दुमडून तिच्यावर जांभे दगड. खालून डोकं घालून रेटायला गेला की त्याचे पाय जाळीवरच येतात. सगळ्या परसाला जाळी लावायची ऐपत नव्हती आणि तशी गरजही पडली नाही. ससा कोवळ्यावर येतो. चवळी, वाल, माठ, मुळा यांची रोपं हात-दीड हात होईपर्यंत तेवढ्याच वाफ्यांना जाळी लावते, पुढे ती उचलून दुसरीकडे नेते.

३. ज्याच्यावर राग असतो त्याचं घर एकदा पाहिलं की राग तसाच राहत नाही. २०१८ च्या दिवाळीनंतर गवत कापताना विळ्यापासून हातभर अंतरावर दोन पिल्लं दिसली. डोळे उघडे, अंगावर पूर्ण लव. हलली नाहीत, पळाली नाहीत. आई जवळपास कुठेच नव्हती. उचलून घरात नेऊन दूध पाजावं असं मला फार वाटलं. सासूबाईंनी हात धरला. सशाची आई दिवसभर पिल्लांपासून लांब राहते, तिच्या मागावर कोणी त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून. अंधार पडला की येते, पाजते आणि पुन्हा जाते. पिल्लं सोडून दिलेली नसतात, लपवलेली असतात. तो गवताचा पट्टा मी पंधरा दिवस तसाच ठेवला. त्याच आठवड्यात ओळखीच्या एकानं तारेची फासकी लावून द्यायची तयारी दाखवली होती. फासकीत ससा सापडतो, भेकर सापडतं आणि कधी बिबट्याही सापडतो. तारेत अडकलेलं जनावर किती वेळ तडफडतं ते तालुक्यातल्या अनेकांनी पाहिलं आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हे बंद आहेच, पण मला त्या दिवशी कायदा आठवला नव्हता. मला ते चार डोळे आठवले होते. कुंपणात विजेची तार सोडणं तर त्याहून वाईट. तिथे माणसंही जातात, आणि बहुधा आपल्याच घरची.

४. वानर आणि माकड यांना मी एकाच तराजूत तोलत होते. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर मुळात पाला खाणारं. कोवळी पानं, फुलं, शेंगा हे त्याचं खाणं, आणि पाला पचवायला त्याला तसं पोटही मिळालं आहे. ते पावट्याची फुलं ओरबाडतं. लाल तोंडाचं माकड वेगळं. त्याच्या गालांना आतून पिशव्या असतात. ते आधी तोंडात कोंबतं आणि मग झाडावर बसून सावकाश खातं. म्हणून हाकलायला धावेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. या दोघांपुढे जाळी, वई, गडगा सगळं फोल आहे, कारण ती वरून येतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं आमच्या वाडीतले फणस, आंबे, माड एका दुपारीत आडवे केले. त्याआधी वानरं आठवड्यातून एखादा फेरा मारत, त्या पावसाळ्यापासून रोज येऊ लागली. त्यांची झाडं गेली होती, माझा मांडव उभा होता. मी दगड मारले आहेत, फटाके लावले आहेत, रडलेही आहे. शनिवारी मारुतीला तेल वाहून आल्यावर त्याच हातानं गोफण फिरवायची, हे मला अजून जमलेलं नाही.

५. बुजगावण्याचं आयुष्य तीन दिवसांचं असतं. चौथ्या दिवशी मोर त्याच्या सावलीत मिरचीची रोपं टोचत होते. रोज जागा बदलली आणि अंगावरचा सदरा बदलला तर ते थोडं अधिक टिकतं. आमचा कुत्रा त्याच्याहून कितीतरी चांगला राखणदार होता. एका फेब्रुवारीत त्याला बिबट्यानं ओटीवरून नेलं. त्यानंतर आम्ही कुत्रा पाळला नाही.

६. सगळ्यात मोठा चोर मीच परसात पोसत होते. कारली, दोडकी, काकड्या बाहेरून चांगल्या दिसत, पण वाकड्या होऊन पिवळ्या पडत आणि चिरल्या की आत अळ्या. ही फळमाशी. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या आतला गर खातात आणि मोठ्या झाल्या की मातीत उतरून कोषात जातात. मी काय करत होते? किडकी फळं तोडून परसाच्याच कोपऱ्यातल्या खताच्या ढिगावर टाकत होते. तीन वर्षं. म्हणजे पुढची पिढी मी माझ्या हातानं जपून वाढवली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा एका शेतकऱ्याच्या मांडवात पाहिला तेव्हा कुठे ही साखळी नीट कळली. त्यात एक वासाची वडी असते. काकडी-कारल्याच्या माशीसाठी क्यूल्युअर, आंब्याच्या माशीसाठी मिथाईल युजेनॉल. त्या वासाला नर येतात. मादी येत नाही, म्हणून नुसता सापळा टांगून भागत नाही. आता पडलेलं प्रत्येक फळ संध्याकाळच्या आत उचलते आणि दोन फूट खोल पुरते. कारल्यांना बोटाएवढी असतानाच कागदी पिशव्या घालते. मांडवावर पिशव्या लटकताना पाहून आलेगेले विचारतात. मी हा सगळा किस्सा सांगते, माझ्या चुकीसकट.

७. घरात गॅस आला आणि परसातली राख गेली, याचा संबंध मला फार उशिरा कळला. भोपळ्याची नुकतीच दोन पानं फुटली की तांबडे भुंगे येऊन त्यांची चाळण करतात. सासूबाई पहाटे, पानांवर दव असताना, चुलीतली राख चाळून त्यांच्यावर भुरभुरत. दवानं ती चिकटते. मी त्याला जुनी सवय समजत होते. मग दोन वर्षं राख नव्हती तेव्हा भोपळाही नव्हता. आता पाणी तापवायची चूल पुन्हा पेटते. निंबोळी अर्काचंही असंच. लिटरमागे पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवायची, गाळून थोडं साबणाचं पाणी घालायचं, हे मी पुस्तकाबरहुकूम करत होते आणि फवारत होते सकाळी अकराच्या उन्हात. उन्हानं त्यातलं कडू सत्त्व निकामी होतं. संध्याकाळी फवारू लागले आणि भेंडीवरचा मावा हटला.

८. गोगलगाईंशी भांडताना धीर लागतो, कारण त्या मिठाच्या चिमटीनं संपत नाहीत. परसातली मोठी शंखी गोगलगाय मूळची आफ्रिकेतली. बेन्सन नावाच्या इंग्रजानं ती १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्याच्या एका बागेत आणून सोडली. तिथून ती देशभर झाली आणि २०२२ मध्ये लातूर-बीडकडचं कोवळं सोयाबीन तिनं साफ केलं. तिच्यात नर-मादी वेगळे नसतात. प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. आम्ही गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट रात्री वाफ्याच्या कडेला पसरतो. सकाळी त्याखाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकतो. पावसाळाभर, रोज. एवढंच.

९. काही गोष्टी मी लावायच्या सोडल्या, आणि हे कबूल करायला मला वाईट वाटतं. २०२१ नंतर काकडीचा मांडव घातला नाही. पावसाळी काकडी, कोवळी, काटेरी, मीठ-तिखट लावून दारात उभ्यानं खायची, ती आमच्याकडे होईना. तिच्या जागी हळद, आलं, अळू, मिरची आली. माकडं त्यांच्या वाटेला फारशी जात नाहीत. सुज्ञपणा म्हणाल तर आहे. पण हळदीची हिरवीगार पानं बघताना मला प्रत्येक वेळी त्या जागी कोण होतं ते आठवतं.

१०. एकट्या परसाची राखण होत नाही, हे मला सासूबाईंच्या आठवणींतून कळलं. त्यांच्या तरुणपणी भातं कापली की सगळी वाडी वाल-पावटा पेरायची. मुलं माचावर बसून डबे बडवायची. एका घरून हाक उठली की पुढच्या घरी पोचायची, जनावर कुठेच ठरायचं नाही, आणि सगळ्यांचं मिळून जे जायचं ते प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं यायचं. आज आमच्या वाडीतल्या अकरा घरांपैकी सात गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. त्यांचे मळे पडीक आहेत, तिथे रानमोडी डोक्याएवढी वाढली आहे. ससा, डुक्कर दिवसा तिच्यात बसतात आणि रात्री जिथे हिरवं आहे तिथे येतात. हिरवं होतं फक्त माझ्याकडे. इतकी वर्षं मला वाटायचं, जनावरं वाढली. मला आता वाटतं, परसं कमी झाली.

सासूबाई २०२२ मध्ये गेल्या. पुढच्या वर्षी मी वालाचं बी घेऊन वरच्या घरच्या वहिनींकडे गेले, मग खालच्या घरी. दोघींनी थोडं थोडं पेरलं. दुपारी दोनच्या सुमाराला वानरं वरच्या अंगानं उतरतात. वहिनींचा डबा वाजला की मी मागच्या दारी जाऊन उभी राहते. माझी हाक गेली की खालच्या घरचे आजोबा काठी आपटतात. कळप आता तिन्ही परसांवरून सरकत ओढ्याकडे जातो. जाता जाता ओरबाडतो, पण बसत नाही.

चुलीमागच्या भिंतीवर सासूबाईंनी राखेत घोळून थापलेलं काकडीचं बी अजून होतं, त्यांच्या हातचं शेवटचं. मागच्या महिन्यात त्यातल्या दहा बिया खरवडून ओल्या फडक्यात बांधल्या. चौथ्या दिवशी फडकं उघडलं तर सहांना मोड आले होते. उरलेलं बी मी तीन पुड्यांत वाटून ठेवलं आहे. मृग लागला की तिन्ही घरी एकाच दिवशी आळी करायची ठरली आहेत.