प्रौढांचे शिक्षण : किती आणि कशाचे?



घरात मंगल प्रसंग असला की आपण महामंगल सुत्त म्हणतो. भगवान बुद्धांनी त्यात जी मंगले सांगितली, त्यांत बहुश्रुत असणे, एखादे शिल्प म्हणजे हातचे कसब अंगी असणे आणि विनयाने वागणे ही तिन्ही जोडीने येतात. सुत्त तोंडपाठ झाले. आता पहिल्या दोन मंगलांवरून आपल्या घराची तपासणी करू. शिक्षण किती, हा पहिला प्रश्न. शिक्षण कशाचे, हा दुसरा. आजचा पाठ घरातील मोठ्या माणसांसाठी आहे.

१. साक्षर कोणास म्हणावे?

जनगणनेत सात वर्षे किंवा त्याहून मोठी जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते, ती साक्षर धरतात. नुसती सही करता येणारा साक्षर नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे ७३ टक्के होती, तर बौद्धांची सुमारे ८१ टक्के. ज्या समाजाच्या मुलांना वर्गाबाहेर बसविले जात असे, त्याने ही मजल मारली याचा अभिमान जरूर बाळगावा.

परंतु याच आकड्याची फोड करा. बौद्ध पुरुष सुमारे ८८ टक्के, स्त्रिया सुमारे ७४ टक्के. म्हणजे दर चार उपासिकांमागे एकीला वंदनेचे पुस्तक वाचता येत नव्हते. शिवाय चौथी पास आणि एम.ए. हे दोघेही या हिशेबात सारखेच साक्षर. म्हणून साक्षरतेच्या आकड्यावर समाधान मानून चालणार नाही. कोण कोणत्या इयत्तेपर्यंत शिकला, हे पाहिले पाहिजे.

२. चिखलोलीचा धडा

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधले चिखलोली घ्या. तेथे धरण आहे, जवळ औद्योगिक वसाहत आहे, आणि आता रेल्वेचे नवे स्टेशनही योजलेले आहे. अंबरनाथला विमकोचा आगपेट्यांचा कारखाना होता, आयुध निर्माणी आहे. एके काळी अशा भागात अंगात ताकद असली की मजुराला काम मिळे. आज कारखान्याच्या गेटवर पहिला प्रश्न येतो, "दहावी झाली का?" आणि लगेच दुसरा, "आयटीआय कोणत्या ट्रेडचा?" फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांपैकी काहीच हाती नसेल, तर पदवीधर मुलगाही ठेकेदाराकडे रोजावर राबतो. बी.ए. कमी दर्जाचे आहे असे नाही. बी.ए. करून पुढे काय करायचे, हे घरात कोणी विचारलेच नाही, ही खरी चूक.

ज्याला वाचता येत नाही त्याचे तर जिवावरच बेतते. रसायनाच्या पिंपावरील सूचना वाचता आली नाही तर हात भाजतो. पगाराची स्लिप कळली नाही तर फंड कापला की नाही ते समजत नाही. जमिनीचा कागद न वाचता अंगठा दिला तर पिढी बुडते.

३. एक घर समजा

आजी निरक्षर, वडील चौथी, आई सातवी, मुलगा बी.ए., सून बारावी सायन्स. लग्न झाले आणि तिचे शिक्षण थांबले. या घराने काय करावे?

सुनेने रोज अर्धा तास आजीला अक्षरे शिकवावी. सुरुवात आजीच्या स्वतःच्या नावापासून करावी. वडिलांनी आपल्या कामाचे कागद मुलाजवळ बसून वाचावेत. आईने खाजगीरीत्या दहावीला बसावे. त्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो, चौकशी शाळेत करावी. मुलाने कायदा, शिक्षणशास्त्र किंवा एखादा ट्रेड यांचा विचार करावा. आणि सुनेला नर्सिंग किंवा प्रयोगशाळेचे शिक्षण घेऊ द्यावे. तिच्या शिक्षणाचा खर्च परक्यासाठी केलेला नाही. तो याच घराच्या पायात घातलेला दगड आहे.

काही घरी अजून भीती असते की बौद्ध म्हणून नोंद केली तर शिष्यवृत्ती जाईल. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या सवलती मिळाल्या आहेत. भीती सोडा, जातीचे प्रमाणपत्र वेळेवर काढा.

४. आता या वयात?

असे म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांकडे पाहावे. १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. संसार होता, पैसा नव्हता. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पैसे साठविले आणि १९२० साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते पुन्हा विद्यार्थी झाले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. ही पदवी मिळविली, बॅरिस्टरही झाले. विषयही त्यांनी विचारपूर्वक निवडले: अर्थशास्त्र आणि कायदा. पुढे १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे वर्ग सकाळी भरत. 'शिका' हा आदेश कमावत्या माणसालाही होता, हे यावरून समजावे.

५. गृहपाठ

येत्या पौर्णिमेपर्यंत एका वहीत घरातील अठरा वर्षांवरील प्रत्येकाचे नाव लिहा. पुढे चार गोष्टी लिहा: शिक्षण किती, कशाचे, कोठे आणि का थांबले, आता पुढची पायरी कोणती. स्त्रियांची नावे आधी लिहा. नंतर विहारात बसून उत्तरे द्या.

(१) आपल्या वस्तीत सही येते, पण वाचता येत नाही, असे किती जण आहेत?
(२) दहावीपाशी थांबलेल्या स्त्रिया किती?
(३) पदवी आहे, पण हाती कसब नाही, असे तरुण किती?
(४) त्यांपैकी एकाला तरी आपले घर यंदा काय मदत करील?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोरे राहू देऊ नका.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.